उन्हाचा आकडा सगळे सांगतात, रात्रीचा कोण सांगणार?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मे महिन्यात आमच्या टीव्हीचा रिचार्ज संपला आणि घरात कोणालाच तो मारायची घाई नव्हती, मुलगा हॉस्टेलला, मग आयपीएल बघणार कोण. म्हणून आठवडाभर रेडिओच लावला. सकाळी सातनंतरच्या प्रादेशिक बातम्या, संध्याकाळच्या बातम्या, मधे कधी चर्चा, कधी मुलाखती, आणि दुपारी खासगी एफएमवाल्यांचे समर स्पेशल. पत्र लिहायचं कारण म्हणजे या सगळ्यात ऊन भरपूर ऐकायला मिळालं पण ज्याला ऊन खरंच लागतं तो माणूस फारसा कुठे भेटला नाही.

आधी चांगलं सांगतो. आकाशवाणीच्या बातम्या ऐकताना कोणी अंगावर ओरडत नाही, हे टीव्हीची सवय असलेल्या माणसाला पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं आणि मग फार बरं वाटतं. धरणातला साठा, टँकर, निकाल, मान्सून अंदमानात कधी येणार, केरळात कधी (तिथली नेहमीची तारीख १ जून), सगळं दहा मिनिटांत उरकतं. आमच्या पिढीच्या कानात अजून 'सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहेत' हेच बसलंय. जून २०२३ मध्ये पुण्याचा हा वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं होतं, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून स्थगिती मिळाली. तेव्हा 'आता कोण ऐकतं रेडिओ' म्हणणारे बरेच होते. अहो, वॉचमन ऐकतो, टेलर ऐकतो, रिक्षावाला ऐकतो, रसवंतीवाला ऐकतो. म्हणजे नेमके तेच लोक जे दुपारी एक वाजता उन्हात किंवा पत्र्याखाली असतात!

आता त्यांना ऐकायला काय मिळतं बघा. हवामान म्हणजे कमाल तापमान, चंद्रपूर इतकं, अकोला इतकं, आणि मग 'गरज नसताना दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका'. गरज नसताना कोण पडतंय? स्लॅब भरणाऱ्याला, पार्सल पोचवणाऱ्याला, कांदा काढायला रोजावर गेलेल्या बाईला हा सल्ला देऊन उपयोग काय. एफएमवर गेलात तर पन्हं, कोकम सरबत, सब्जा, कुठलं सनस्क्रीन, माथेरानला की महाबळेश्वरला, एसी किती नंबरवर ठेवायचा. मला पन्हं आवडतं, तक्रार पन्ह्याबद्दल नाहीच. पण एकीकडे नुसता आकडा आणि दुसरीकडे नुसतं सरबत, आणि मधली जागा रिकामीच.

त्यात तो आकडासुद्धा फसवा आहे. हवामान खात्याच्या नियमात उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करायला मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३०, आणि शिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावं लागतं (थेट ४५ गेलं तर मग सरासरी बघत नाहीत). किनाऱ्यावर कमी का, तर दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून मुंबईतले ३८ ऐकून विदर्भातला माणूस हसतो पण ते हसण्यासारखे नसतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्याला भर उन्हात लाखो लोक बसले होते, तापमान चाळिशीच्या आतच होतं, तरी उष्माघाताने १४ जण गेले. त्या दिवशीचं नुसतं कमाल तापमान ऐकून कोणाला भीती वाटली असती का?

आणि रात्र तर सगळेच विसरतात, रेडिओ, टीव्ही, पेपर, सगळे. दिवसभर तापलेलं अंग रात्री गार व्हायला हवं, तरच दुसऱ्या दिवशी काम झेपतं. पत्र्याच्या खोलीत पंखासुद्धा गरम हवाच फेकतो, किमान तापमान उतरलंच नाही तर माणूस सकाळी उठतो तोच थकलेला. हवामान खात्याकडे याचासुद्धा निकष आहे, दिवसा ४० किंवा वर असेल आणि रात्रीचं किमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त असेल तर ती 'उष्ण रात्र'. म्हणजे माहिती रोज तयार असते पण बातमीत येताना ती गळून जाते.

खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे हे खरं, २०१९ पासून फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा आहे. पण खासगी एफएमसाठीच्या २०११ च्या सरकारी धोरणात (फेज तीन) हवामान, ट्रॅफिक, पाणी-वीज आणि प्रशासनाने दिलेले आरोग्याचे इशारे हे बातम्यांत धरलेलेच नाहीत, ते बिनधास्त सांगता येतात. मग दर तासाला दोन गाण्यांच्या मधे आरजेने 'आज आपल्याकडे ऑरेंज अलर्ट आहे, बांधकामावर असाल तर सावलीत ब्रेक घ्या, चक्कर आली, बोलणं अडखळायला लागलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा आणि १०८ ला फोन लावा' एवढं म्हटलं तर कोणता नियम मोडतो? मुकादमाच्या फोनवर तेच स्टेशन चालू असतं हो. त्याच्याही कानावर जाईल.

आकाशवाणी मुंबईवर एकेकाळी 'कामगार सभा' लागायची, गाणीच असायची बहुतेक, पण कामगार म्हणून कोणीतरी समोर धरलेला असायचा. बायकांसाठी 'वनिता मंडळ' होतं. आता समर स्पेशलमध्ये समोर कोण आहे ते कळतं, ज्याच्या घरी एसी आहे तो.

गुजरातेत अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये हीट अॅक्शन प्लॅन, म्हणजे उन्हाच्या तडाख्यात कोणी काय करायचं याचा आराखडा, केला. लोकांना इशारा वेळेत आणि समजेल असा पोचवणं हे त्यातलं एक मुख्य काम होतं. त्याला काही फार खर्च येत नाही, आणि रेडिओ तर त्यासाठीच आहे.

तुमच्याबद्दलही लिहितो, राग मानू नका. तुमच्या पुरवणीत दोन पानं उन्हाळी सरबतं आणि पहिल्या पानावर कोपऱ्यात कमाल तापमानाची चौकट. त्या चौकटीत किमान तापमान आणि आर्द्रता असे दोनच आकडे वाढवा, आणि ज्या दिवशी उष्ण रात्रीचा इशारा असेल त्या दिवशी तो मोठ्या अक्षरात छापा. जागा हवी असेल तर सब्जाची एक रेसिपी कमी चालेल.

कळावे,
आपला एक वाचक (आणि श्रोता),
पुणे