तोंडी ‘हो’ म्हणणाऱ्या कोचला कागदावर कोण आणणार?

संपादक महोदय,
स.न.

खेळाच्या जोरावर अमेरिकेत फुकट शिकता येतं अशा अर्थाचा एक लेख तुमच्या पुरवणीत आला होता, तो फॅमिली ग्रुपवर फिरत फिरत इकडे मिशिगनला माझ्यापर्यंत आला आणि त्यातला आइस हॉकीवरचा पॅरेग्राफ वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. मोठं झालंय, कापायचं तर कापा, पण मधला भाग ठेवा प्लीज.

लेखात म्हटलंय की शाळेत चांगलं हॉकी खेळलं की कॉलेजचे कोच येतात आणि स्कॉलरशिप देतात. येतात, देतातही, पण शाळेतून उचलत नाहीत हो. मुलांच्या बाबतीत शाळा आणि कॉलेजच्या मध्ये ज्युनिअर हॉकी नावाचं एक अख्खं वेगळं जग आहे, वय 16 ते 20, आणि सगळी निवड तिथेच होते. बारावी झाल्यावर पोरगं लगेच कॉलेजला जात नाही, यूएसएचएल नाहीतर एनएएचएलसारख्या लीगमध्ये एक-दोन वर्षं काढतं, आयोवा नाहीतर नेब्रास्कातल्या कुठल्यातरी गावात परक्या कुटुंबाकडे राहतं (बिलेट फॅमिली म्हणतात, देवमाणसं असतात बहुतेक), दिवसा ऑनलाइन एखादा क्लास, संध्याकाळी प्रॅक्टिस, वीकएंडला बसने दुसऱ्या राज्यात मॅच. त्यामुळे कॉलेज हॉकीतला फर्स्ट इयरचा पोरगा पुष्कळदा 20 वर्षांचा असतो, दाढीबिढी आलेला. शाळा संपताच 17-18व्या वर्षी येऊन खेळतो तो फार वरच्या दर्जाचा, मॅकलिन सेलिब्रिनीसारखा, जो बॉस्टन युनिव्हर्सिटीत 17व्या वर्षी कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचं होबी बेकर अवॉर्ड घेऊन गेला आणि 2024 मध्ये एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रोफेशनल लीगच्या ड्राफ्टला (टीम नवी पोरं निवडतात तो) पहिला आला. ते उदाहरण आपल्या घरात कुणी देऊ नये.

आता मागच्या दोन-तीन वर्षांत जे बदललं ते तुमच्या लेखात अजिबात नव्हतं, आणि खरी गोष्ट तीच आहे.

आमच्या मिशिगनमध्येच बघा. आमच्या घराजवळ प्लिमथला यूएसए हॉकीचं अरीना आहे, तिथे नॅशनल टीम डेव्हलपमेंट प्रोग्रॅमची 17 आणि 18 वर्षांखालची पोरं खेळतात. इथून दीडेक तासावर सॅगिनॉ, तिथे सॅगिनॉ स्पिरिट नावाची टीम, ती खेळते कॅनडाच्या ओएचएल या ज्युनिअर लीगमध्ये. फ्लिंटचीही तशीच. दोन्हीकडे 16-17 वर्षांचीच पोरं, तेच राज्य, तोच बर्फ. पण प्लिमथचा पोरगा हौशी आणि सॅगिनॉचा पोरगा प्रोफेशनल, असं एनसीएए (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) कित्येक वर्षं धरून चालली होती, कारण ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूबेकची लीग मिळून जी सीएचएल होते तिथे पोरांना महिन्याला थोडा भत्ता मिळतो आणि काही पोरांचा एनएचएलशी करार झालेला असतो. भत्ता म्हणजे पगार नव्हे हो, खिशाला खर्चायला. पण सीएचएलच्या जर्सीत खेळलात की अमेरिकन कॉलेजचं दार बंद. नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरच्या ओएचएल टीमकडून 16व्या वर्षी फक्त दोन सरावाच्या मॅच खेळलेल्या एका मुलाचं दार असंच बंद झालं, आणि त्याच्या नावाने ऑगस्ट 2024 मध्ये बफेलोच्या कोर्टात केस पडली. 7 नोव्हेंबर 2024 ला एनसीएएने मत घेऊन तो नियमच काढून टाकला, 1 ऑगस्ट 2025 पासून लागू.

नियम गेला ते बरंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 15-16 वर्षांच्या पोराने आणि त्याच्या आईबापाने किचन टेबलवर बसून कायमचा निर्णय घ्यायचा, ओएचएलला गेलास तर कॉलेज विसर, कॉलेज हवं तर घरच्या जवळची चांगली लीग सोड, हा काय न्याय होता? सेलिब्रिनी व्हँकुव्हरकडचा, अ‍ॅडम फँटिली ऑन्टारियोचा, दोघंही कॅनडाचे, पण कॉलेजसाठी म्हणून शिकागोच्या यूएसएचएल टीममध्ये येऊन खेळले. आपल्या देशी पोरांचंच सांगायचं तर कॅनडातल्या पंजाबी घरातला जुझार खैरा, 2012 मध्ये एनएचएलच्या एडमंटन टीमने ड्राफ्ट केला, मिशिगन टेक या कॉलेजला एक सीझन खेळला आणि मग डब्ल्यूएचएलमध्ये एव्हरेटला गेला. तेव्हा तसं गेलं की कॉलेज हॉकीत परत यायची सोयच नव्हती. व्हँकुव्हरजवळच्या सरे गावचा अर्शदीप बैंस 2021-22 मध्ये डब्ल्यूएचएलमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) करणारा खेळाडू होता, त्याला कुठल्याही एनएचएल टीमने ड्राफ्टमध्ये घेतलेलं नव्हतं, अशा पोराला आज कॉलेजांनी रांग लावली असती, त्याला तेव्हा तो रस्ताच नव्हता. (पंजाबी मंडळींनी कॅनडात हॉकीची कॉमेंट्रीसुद्धा पंजाबीत चालू करून घेतली, आपण अजून मंडळाच्या गणपतीत साउंड सिस्टीम कोणाची यावर भांडतोय, असो.)

दार उघडल्यावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. डब्ल्यूएचएलमधल्या मेडिसिन हॅट टीमचा गॅव्हिन मॅकेना, ज्याने 2024-25 मध्ये 56 मॅचमध्ये 129 पॉइंट केले, त्याने जुलै 2025 मध्ये पेन स्टेट हे कॉलेज निवडलं आणि त्याला जाहिरातीबिहिरातीतून मिळणाऱ्या पैशाचा आकडा सात लाख डॉलरच्या आसपास असल्याचं छापून आलं. तसाच ओएचएलमधला पोर्टर मार्टोन आमच्या मिशिगन स्टेटला आला. टीव्हीवर मजा आली, स्टेडियम भरली, मीही बघते, खोटं कशाला बोलू.

पण जागा किती आहेत? पुरुषांच्या डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या कॉलेज हॉकीत सगळ्या अमेरिकेत मिळून साठ-पासष्ट कॉलेजं. फुटबॉल-बास्केटबॉलशी तुलनाच नको. त्यात मिशिगनची सात आहेत आणि वेस्टर्न मिशिगनने 2025 मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीला 6-2 हरवून पहिल्यांदा नॅशनल टायटल घेतलं, म्हणून इकडे वारं जोरात आहे. खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएवर चाललेल्या केसच्या 2025 च्या कोर्ट सेटलमेंटनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना टीममध्ये फक्त 26 पोरं ठेवता येतात. आधी स्कॉलरशिपा 18 असायच्या आणि त्या वाटून दिल्या जायच्या, आता 26 जणांना देता येते हे खरं, पण देईलच असं नाही, आणि सत्ताविसाव्याला तर उभंच राहायला जागा नाही. या 26 मध्ये जुने खेळाडू आलेच, ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजची तयार पोरं आली, युरोपातली आली, आणि आता त्यावर सीएचएलच्या साठेक टीममधली 19-20 वर्षांची तगडी पोरं आली, पुढे एनएचएलला जाणाऱ्या मोठ्या पोरांबरोबर खेळून मुरलेली. कोचचं काम जिंकायचं असतं, तो 20 वर्षांचा घेणार का 18 वर्षांचा, हे सांगायला नको.

मग ज्यांना आधीच ‘हो’ म्हणून ठेवलेलं होतं त्यांचं काय?

माझं म्हणणं इथे आहे आणि एवढंच आहे. मुलांच्या हॉकीत नियम असा की दहावीच्या वर्षात 1 जानेवारीपासून कोच पोराशी बोलू शकतो, आणि अकरावी सुरू व्हायच्या आधीच्या 1 ऑगस्टपासून तोंडी ऑफर देऊ शकतो, कॅम्पस दाखवायला बोलवू शकतो. 2019 च्या आधी तर 13-14 वर्षांच्या पोरांना ‘कमिट’ करून घ्यायचे, म्हणजे तुमच्याच कॉलेजला येतो असा तोंडी शब्द घ्यायचे, ते थांबवायला हा नियम आला, चांगलं झालं. पण स्कॉलरशिपचं लेखी काही बारावीच्या वर्षाआधी देताच येत नाही, सही तर त्यानंतर नोव्हेंबरात. म्हणजे तोंडी द्यायला परवानगी आणि लिहून द्यायला बंदी! मधलं वर्ष-दीड वर्ष पोरगं नुसत्या शब्दावर असतं. आणि हॉकीत ते वर्ष-दीड वर्षावरही थांबत नाही, आणखी लांबतं, कारण बारावी झाल्यावर कोच फोन करून सांगतो, यंदा नको, अजून एक वर्ष ज्युनिअर खेळ, पुढच्या वर्षी ये. मग पुढच्या वर्षी परत तेच. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा जो एक कागद होता, तोही 2024 च्या ऑक्टोबरात बंद झाला, आता थेट कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर सही, पण ती वेळ येईपर्यंत पोराच्या हातात काहीच नाही.

आमच्या रिंकवरचा एक मुलगा, नाव गाव सांगत नाही, मराठी नाही, आमच्या मुलाबरोबर लहानपणापासून खेळलेला. अकरावीत एका कॉलेजला कमिट झाला, आजीने त्या कॉलेजची टोपी घालून फोटो टाकला होता. त्यानंतर दुसऱ्या दोन कॉलेजांचे फोन आले ते त्याने घेतलेच नाहीत, कारण शब्द दिलाय म्हणून. बारावी झाली, ज्युनिअरला गेला, एकदा पुढे ढकलला, आणि नियम बदलल्यावर असिस्टंट कोचचा फोन आला, आमची दिशा बदललीये, तू दुसरीकडे बघितलंस तर आमची हरकत नाही. हरकत नाही म्हणे! त्याच्या आईने मला विचारलं की आता कोणाकडे तक्रार करायची, आणि खरंच कोणाकडेच करता येत नाही, कारण नियम कुठलाच मोडलेला नाही. असं त्या एकाच पोराचं झालं असं नाही, 2025 च्या उन्हाळ्यात ‘डिकमिट’ (दिलेला शब्द मोडणं) हा शब्द इकडच्या प्रत्येक हॉकी घरात बोलला जात होता.

काही लोक म्हणतात पोरंही शब्द फिरवतात, जास्त मोठं कॉलेज आलं की जुन्याला टाटा करतात. करतात ना. पण एका बाजूला पन्नाशीचा पगारी माणूस, वकील, नियम सांभाळणारं कंप्लायन्स ऑफिस, आणि दुसऱ्या बाजूला ड्रायव्हिंग लायसन्ससुद्धा धड न मिळालेलं 16 वर्षांचं पोर, दोघांना एकाच मापाने मोजायचं हे मला पटत नाही. पोराच्या बाजूने बोलायला घरचे लोक एक अ‍ॅडव्हायजर ठेवतात, एजंट ठेवला तर एनसीएएच्या नियमात अडकायची भीती म्हणून ‘फॅमिली अ‍ॅडव्हायजर’, पण तोही पुष्कळदा त्याच कोचांकडे दुसरी चार पोरं लावून देणारा असतो, मग तो भांडणार किती.

म्हणून साधी मागणी अशी की ज्या दिवशी कोच तोंडी ऑफर देतो त्या दिवशीच एक पानाचा कागद द्यावा, कुठल्या वर्षी घेणार, किती टक्के स्कॉलरशिप, पुढे ढकललं तर किती वेळा, आणि कॉलेजने माघार घेतली तर पोराला काय. पोराने माघार घेतली तर काय तेही लिहा, आमची ना नाही. 16 वर्षांच्या पोराला बांधून घेणं बरं नाही म्हणून लेखी नको, असं एनसीएएचं म्हणणं असेल तर मग तोंडीही बंद करा, बारावीपर्यंत कोणी कोणाला काही विचारू नका. मधलं जे चाललंय ते फक्त कोचच्या सोयीचं आहे.

आता तुमच्या वाचकांसाठी, कारण पुण्या-सांगलीहून मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की तुझ्या मुलाला स्कॉलरशिप मिळेल ना गं. हॉकी हा स्वस्त रस्ता नाहीये. ट्रिपल ए (लहान पोरांच्या हॉकीतली सगळ्यात वरची पातळी) टीममध्ये घातलं की फी, प्रवास, हॉटेल धरून वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर सहज जातात, वरच्या दर्जाची एक स्टिक तीनशेच्या वर आणि ती मोडते, मोडतेच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेलमध्ये हॉकी आहे पण आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही, घरच्या उत्पन्नावर मदत देते. डिव्हिजन थ्रीत, म्हणजे खालच्या पातळीच्या कॉलेजांत, कुठेच खेळाची स्कॉलरशिप नाही. तुमच्या लेखात ही सगळी कॉलेजं एकाच ओळीत होती.

आणि एक गोष्ट अमेरिकन आईबापांना सांगून कळत नाही, आपल्याच लोकांना कळेल. इकडे पुष्कळ देशी घरांत ग्रीन कार्डची रांग चालूच असते आणि पोरं एच-4 वर, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. एच-4 21व्या वाढदिवसाला संपतो. आता जो पोरगा दोन वर्षं ज्युनिअर खेळून 20व्या वर्षी कॉलेजला लागतो, तो दुसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत स्टुडंट व्हिसावर यायलाच हवा, आणि स्टुडंट व्हिसावर जाहिरातीबिहिरातीचे पैसे घ्यायचे म्हटलं तर वकील आधी नको म्हणतो. कोचने ‘अजून एक वर्ष ज्युनिअर खेळ’ म्हणणं हे शेजारच्या घरासाठी एक वर्ष असतं, आपल्या घरासाठी ते व्हिसाचं गणित असतं, आणि त्या फोनवर कोचला ते ठाऊकही नसतं.

मुलींचं चित्र जरा बरं आहे. त्यांच्यासाठी सीएचएलसारखं काही नाही, बहुतेक जणी 18व्या वर्षी शाळा संपवून सरळ कॉलेजला जातात, त्यामुळे मधली ढकलाढकल कमी. माझी धाकटी गोलकीपर आहे, तिच्यासाठी मी अजून घाबरलेली नाही.

पुढच्या वेळी पुरवणीत अशा स्कॉलरशिपवर लिहाल तेव्हा ‘कमिट’ झालेल्या पोराचा फोटो छापण्याआधी त्याच्या आईला एकदा विचारा की हातात कागद आहे का आणि त्यावर साल कुठलं लिहिलंय.

आपली एक वाचक,
कँटन, मिशिगन (मूळची सांगलीची)