कारण एका ओळीत बसवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर त्या अकरावीतल्या मुलीच्या आत्महत्येची बातमी आहे, 'आई रागावल्याने' असं हेडिंग. गॅसवर चहा ठेवला होता, तो उतू गेला तरी मला कळलं नाही. रात्रभर लिहावं की नको असं चाललं होतं, शेवटी लिहितेय.

आई रागावली होती हे तुमच्या वार्ताहराला कुणी सांगितलं? बहुतेक त्या आईनेच. त्या दिवशी कुठलीही आई तेच बोलते हो, मी बोलले नसते तर, मी दार लावलं नसतं तर. मीही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तेच बडबडत होते, पंचनामा चालू होता, तुमच्याच पेपरचा एक मुलगा बाजूला उभा होता. दुसऱ्या दिवशी 'मोबाइल काढून घेतल्याने दहावीतील मुलाने...', पुढचे शब्द माझ्याच्याने लिहवत नाहीत. बिल्डिंगचं नाव, मजला, कसं केलं, सगळं छापलं होतं. शाळेच्या ग्रुपवर ते कात्रण फिरलं, त्याच्या वर्गातल्या पोरांनी वाचलं.

सहा वर्षं होत आली. अजून लग्नाकार्यात कुणी भेटलं की हात धरून हळू आवाजात विचारतात, मोबाइलचंच होतं ना? सासूबाई जाईपर्यंत माझ्या हातात फोन दिसला की तोंड फिरवायच्या. आणि खरं सांगू का, मोबाइल मी आठ दिवस आधी घेतला होता आणि दोन दिवसांनी परत दिला होता, पण हे विचारणार कोण. दोन महिने त्याला नीट झोप नव्हती, ताटात अर्धी पोळी टाकून उठायचा, सकाळी हलवून हलवून उठवावं लागायचं, आम्ही म्हणायचो वय आहे, दहावीचं टेन्शन आहे, परीक्षा झाली की होईल नीट. हा आजार असू शकतो आणि त्याला उपचार असतात हे मला नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पण नेमकं काय झालं ते आम्हाला आजही माहीत नाही. आई-बापाला जे सहा वर्षांत कळलं नाही ते तुमच्या माणसाला एका तासात कसं कळलं?

विचारायचंच होतं तर तो कसा होता ते विचारायचं. त्याला एसटीचं वेड होतं. कराडच्या स्टँडवर तासन्‌तास उभा राहायचा, दोनशे पानी वहीत गाड्यांचे नंबर, पाटी, वेळ सगळं लिहून ठेवायचा. एम एच १४ बी टी दिसली की एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली, एम एच २० बी एल म्हणजे चिकलठाण्याची, एम एच ४० आली की ही हिंगण्याची, लांबून आलीय म्हणून उड्या मारायचा. दापोडीची गाडी वळणावर कमी खडखडते असं त्याचं म्हणणं, मला तर सगळ्या सारख्याच वाटायच्या. पण आता लाल गाडी दिसली की माझी नजर आधी नंबर प्लेटवर जाते. त्याच्याबद्दल काही छापायचंच होतं तर हे छापण्यासारखं होतं.

प्रेस कौन्सिलने 2019 च्या सप्टेंबरमध्ये सांगितलंय की अशी बातमी ठळक छापू नका, पद्धत लिहू नका, जागेचा तपशील देऊ नका, भडक हेडिंग नको, फोटो नको. माझा मुलगा जानेवारी 2020 मध्ये गेला, म्हणजे तेव्हाही नियम होता. एकच कारण चिकटवू नका हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. वाचणारी पोरं त्याच वयाची असतात, त्यातलं एखादं आधीच कड्यावर उभं असतं, म्हणून हे नियम आहेत. 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थी आत्महत्येने गेले, त्यातले 1,764 महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त, हा सरकारी आकडा आहे. आणि कालच्या बातमीखाली टेलिमानसचा, म्हणजे मन खचलेल्यांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर मी शोधत बसले, नव्हता. 14416, पाच आकडे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. माझा मुलगा गेला तेव्हा ही सोय नव्हती, ती 2022 मध्ये आली. आता आहे तर छापा ना.

अजून एक. सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा. धाकटी आता नववीत आहे. तिच्या शाळेत विचारायला गेले तर म्हणाले, पीटीच्या सरांकडे तो चार्ज दिलाय. सर चांगले आहेत, पण त्यांना हे शिकवलंय कुणी? यावर तुमच्या पेपरात एक ओळ आलेली मला आठवत नाही. वार्ताहर पाठवायचाच असेल तर शाळाशाळांत पाठवा, त्या मुलीच्या घरी आता नको. तिच्या आईला निदान तेरावं होईपर्यंत तरी पेपर दाखवू नका असं मी तिच्या घरच्यांना सांगितलं असतं, पण माझी ओळख नाही.

पत्र छापलंत तर वर 'अभागी मातेचा टाहो' वगैरे घालू नका. मी दिलंय तेच हेडिंग ठेवा.

– एक आई, कराड
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये.)