आवाहन: आजी-पणजींचे फोटो द्या, पण काचेपासून सोडवू नका

पुण्यातील कर्तबगार स्त्रियांच्या व्यक्तिचित्रांचे प्रदर्शन आपले मंडळ येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीदिनी, भरवत आहे. १२ बाय १८ इंचांच्या ४० फ्रेम लावायच्या आहेत. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, इरावती कर्वे यांची चित्रे हाती आली आहेत. आनंदीबाई जोशी यांचा १८८५ सालचा फिलाडेल्फियातला फोटोही आहे. शेजारी त्यांच्यासोबत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे यांचा खात्रीचा फोटो आम्हाला मिळालेला नाही. कल्पनेने चेहरा काढणे आम्हाला पटत नाही. त्यांच्या फ्रेममध्ये १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापलेल्या त्यांच्या निबंधाचा मजकूर लावू.

उरलेल्या जागा शिक्षिका, परिचारिका, सुईणी, खानावळ चालवून घर उभे करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी आहेत. आज काम करणाऱ्याही हव्यात. जुने फोटो तुमच्याच माळ्यावर असतील.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. पावसाळ्यात दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला धरतो. सोडवायला गेले की चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. फ्रेमसकट, आडवी ठेवून आणा. आम्ही दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दिवे लावून काचेवरूनच टिपतो. सुटा फोटो पुसू नका, लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. मोबाइलवर काढून व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेला चालत नाही, फाइल दबते. पासपोर्टएवढा फोटो आम्ही २४०० डीपीआयवर (एका इंचात २४०० ठिपके) स्कॅन करतो, तेव्हा कुठे तो या आकारात नीट छापता येतो. मूळ फोटो पोच देऊन घेऊ आणि स्कॅन होताच परत करू. प्रदर्शनात प्रतच लागेल.

सोबत वेगळ्या कागदावर माहिती लिहा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिले तर पुढे वळ उमटतात. जुन्या फोटोंमागे बहुधा ‘सौ.’ आणि नवऱ्याचे नाव एवढेच सापडते. आम्हाला बाईंचे स्वतःचे नाव, माहेरचे नाव, काम आणि साल हवे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा.

२६ फ्रेमचा खर्च अजून उभा राहायचा आहे. काच, आम्लविरहित माउंट (फोटोभोवतीचा पुठ्ठा) आणि छपाई यांसाठी एका फ्रेमचा खर्च उचलावा किंवा जमेल ती रक्कम द्यावी, पावती मिळेल. स्कॅनिंगला चार, फ्रेम टांगायला सहा स्वयंसेवक हवेत. फोटो १५ डिसेंबरपर्यंत, दर रविवारी सकाळी १० ते १, मंडळाच्या कार्यालयात स्वीकारले जातील.