राकसकोपच्या काठाला नुसती पाटी नको, धड वाट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की बेळगावात घरोघरी पेपर हातात आल्यावर आधी एक चौकट शोधली जाते. शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पाणीपातळी. काल किती फूट होती, आज किती चढली, 2475 फुटांच्या पूर्ण पातळीला अजून किती कमी. नळाला पाणी दिवसाआड येणार की आठवड्याने, हे त्या आकड्यावर ठरते, म्हणून घरातली म्हातारी माणसेसुद्धा तो पाठ ठेवतात. आणि एके दिवशी जलाशय तुडुंब भरल्याचा फोटो छापून येतो. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी बेळगुंदीच्या रस्त्यावर सकाळपासून गाड्यांची रीघ लागते. मी त्याच रस्त्याच्या कडेला राहतो. गेली काही वर्षे हा रविवार जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो, म्हणून हे पत्र.

लोकांनी येऊ नये असे मला मुळीच वाटत नाही. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर एवढे सुंदर पाणी असताना माणसे घरात बसतील कशी? शिवारात रोप लावणी चाललेली असते, माळावर रताळ्याचे वेल पसरू लागलेले असतात, समोर वैजनाथचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला, आणि त्याच्या पायथ्याशी पाणी. पाऊस थोडा थांबला की डोंगरावरून ढग खाली उतरतो, पाण्यावर टेकतो आणि पलीकडचा तुडयेचा काठ दिसेनासा होतो. पाच मिनिटांनी परत दिसतो. चाळीस वर्षे पाहतो आहे, अजून मन भरत नाही. हे पाहायला शहरातल्या पोरांनी यावे, आई-वडिलांना घेऊन यावे, असे मला मनापासून वाटते.

पण त्यांच्यासाठी तिथे आहे काय? पोहण्यास मनाई असल्याची एक पाटी. तीही गंजलेली, अर्धी अक्षरे गेलेली. गाडी कुठे लावायची, कुठून चालायचे, कुठपर्यंत जायचे, बायकांनी लघवीला कुठे जायचे, काही नाही. मग ज्याला जिथून वाट दिसेल तिथून तो उतरतो. बांध तुडवत, कुणाच्या भातातून, थेट पाण्यापर्यंत. तिथेच जेवण, तिथेच पत्रावळ्या, तिथेच बाटल्या. गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या घरची म्हैस चरून परतली ती लंगडत. खुरात बिअरच्या बाटलीची काच रुतली होती, बोटभर लांब. ती काढताना ते जनावर ज्या डोळ्यांनी बघत होते, ते मी विसरलेलो नाही. पंधरवडाभर तिने दूध दिले नाही.

याबद्दल मी दोन वेळा लेखी अर्ज दिला. कोणत्या कार्यालयात ते इथे लिहीत नाही. पहिल्यांदा सांगितले, जलाशय आमचा पण काठ आमचा नाही. दुसऱ्यांदा सांगितले, पलीकडे महाराष्ट्र लागतो, त्यांच्याशी बोलावे लागेल. तुडये चंदगड तालुक्यात आहे हे खरे. पण बुडणारे पोर सीमारेषा बघून बुडत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. 2022 च्या नोव्हेंबरात चंदगड तालुक्यातल्याच कितवाडच्या धबधब्यावर सहलीला गेलेल्या बेळगावच्या चार मुली पाण्यात बुडून गेल्या. पाऊस संपलेला, ऊन पडलेले, कुणाला धोका वाटू नये असे दिवस. त्या आठवड्यात आमच्या भागात एकही घर असे नव्हते जिथे त्यांच्याबद्दल बोलणे झाले नाही. त्यानंतर काय झाले? काही दिवस बंदोबस्त. मग पुन्हा सगळे पहिल्यासारखे.

माझ्या स्वतःच्या हातूनही एकदा फार मोठी चूक झाली आहे, ती सांगतो. मी शिक्षक होतो. सातवीच्या मुलांची सहल घेऊन राकसकोपला गेलो होतो. डबे उघडायच्या आधी हात धुवायला म्हणून मुले काठावर गेली. पाणी घोट्याएवढे दिसत होते. एका मुलाने दोन पावले पुढे टाकली आणि तिसऱ्या पावलाला तो गळ्यापर्यंत गेला. ओरडलासुद्धा नाही. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे मला त्या दिवशी कळले. तोंड पाण्याच्या वर ठेवायलाच त्याचा सगळा जीव लागतो. मी बुटासकट आत शिरणार तेवढ्यात मागून एक म्हशी राखणारा गडी कडाडला, "गुरुजी, उतरू नका!" त्याने दोन म्हशींची दावी सोडली, एकमेकांना गाठ मारली, टोकाला काठी बांधली आणि पोराच्या पुढ्यात फेकली. पोराने काठी धरली. ओढून काढला. हे सगळे एका मिनिटाच्या आत झाले. मी उतरलो असतो तर दोघेही बुडालो असतो, कारण मला विहिरीत पोहता येते तेवढेच.

तो तिसऱ्या पावलाचा खड्डा काय होता, ते मी पुढच्या मे महिन्यात मुद्दाम जाऊन पाहिले. जलाशय उतरलेला होता. बुडालेली जमीन सपाट नाही, पायरीपायरीची आहे. एका पायरीवर गुडघाभर पाणी, तिच्या कडेवरून पाय सुटला की खाली पुरुषभर. मध्येच ओढ्याचा जुना घळ. वर हातभर तांबडा गाळ, त्यात पाय रुतला की निघत नाही. पावसाळ्यात यातले काहीच दिसत नाही, दिसते ते नुसते शांत पाणी. शहरातल्या पोराला हे कळणार कसे? मनाईच्या पाटीवर मनाई लिहिलेली असते, कारण लिहिलेले नसते. कारण कळले तर निम्मी पोरे आपणहून मागे राहतील, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

आता माझे मागणे. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांकडे जायला बंदी घालतात. तिथे मी बंदीच्या बाजूने आहे. भीमगड अभयारण्याचा तो पट्टा जनावरांचा आहे, बारापेडे गुहांतल्या दुर्मीळ वटवाघळांचे ते घर आहे, आणि तिथे काही घडले तर मदत पोचायला तास लागतात. राकसकोपचे तसे नाही. डांबरी रस्ता दारापर्यंत जातो. इथे बंदी कागदावरच राहणार, कारण ती पाळायला लावणारे कुणी नाही. त्यापेक्षा काठापासून पुरेसे वर, भातशेती न तुडवता जाणारी एक पायवाट आखा. तिच्या शेवटी कठड्याची एक जागा करा, जिथून सगळा जलाशय आणि वैजनाथचा डोंगर दिसेल. गाड्या गावाच्या अलीकडेच थांबवा. वाहनतळाचे पैसे ग्रामपंचायतीला मिळोत. स्वच्छतागृह बांधा. आणि जून ते डिसेंबर, शनिवार-रविवारी, पाण्यात वाढलेली गावातली दोन माणसे पगार देऊन काठावर उभी करा. त्यांच्याजवळ लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब असू दे. याला फार मोठा निधी लागत नाही.

काही मंडळी म्हणतात, बोटिंग सुरू करा, रिसॉर्ट होऊ दे, रोजगार येईल. याला माझा ठाम विरोध आहे. राकसकोप हे शहराचे पिण्याचे पाणी आहे. 1962 मध्ये मार्कंडेय नदी अडवून ते शहरासाठीच साठवले. हिंडलग्याच्या पंपांनी ते लक्ष्मीटेकला जाते, शुद्ध होते आणि आपल्या स्वयंपाकघरात येते. त्यात इंजिनाचे तेल नको, साबण नको, कुणाचे पोहणेही नको. माणसाने काठावर बसावे, पाण्याला हात लावू नये. गावाला रोजगार हवा असेल तर तो चहाचा, भाकरी-झुणक्याचा, वाट दाखवणाऱ्याचा होऊ शकतो. हिवाळ्यात पहाटे काठावर हळदी-कुंकू बदके दिसतात. ती दाखवायला गावचा जाणता पोरगा बरोबर असेल तर लोक आनंदाने शंभर रुपये देतील.

ज्यांना चालायची हौस आहे त्यांनी देवरवाडीला जाऊन वैजनाथचे दर्शन घ्यावे आणि पुढे महिपाळगडावर चढावे. खाली पसरलेला मुलूख पाहिला की कळते, आपण कुठल्या सह्याद्रीच्या कुशीत राहतो. नदीचीच गोडी असेल तर आणखी एक सहल सुचवतो. खानापूर तालुक्यात बैलूरला उगम पावलेली ही मार्कंडेय राकसकोपला थांबते, पुढे कंग्राळी, काकतीवरून जाते, गोकाक तालुक्यात गोडचिनमलकीला दोन टप्प्यांत कोसळते आणि मग घटप्रभेला मिळते. जवळच गोकाकचा 52 मीटरचा धबधबा आणि झुलता पूल आहे. आपल्या घरात तांब्यात भरलेले पाणी कुठून येते आणि त्याच नदीचे बाकीचे पाणी कुठे जाते, हे एका दिवसात मुलांना दाखवता येते. शाळांनी हे करावे, मात्र कठड्याच्या अलीकडून.

काठावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात अशा दोन गोष्टी सांगून ठेवतो. कुणी बुडत असेल तर उडी मारू नका. ओढणी, पँट, काठी, झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन, जे हाताला येईल ते फेका आणि स्वतः जमिनीवर आडवे होऊन ओढा. आणि बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून, पोट दाबून पाणी काढत बसू नका. आपल्याकडे अजून हेच करतात, आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. 112 ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा, तीस वेळा दाबून दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत थांबू नका. हे शिकवायला शाळेचा एक तास पुरतो.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. पाणीपातळीची ती चौकट सगळे वाचतात. तिच्या खाली जून ते डिसेंबर रोज दोन ओळी छापाल का? काठाजवळ जमीन पायरीची आहे, तिसऱ्या पावलाला पुरुषभर पाणी आहे, एवढेच. तुडुंब भरल्याचा फोटो येईल त्या दिवशी त्या ओळी थोड्या ठळक अक्षरांत घ्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
बेळगुंदी परिसर, ता. जि. बेळगाव