सर, तुमचा मीटर अजून माझ्याकडेच आहे

सर, फोनवर बोलायला गेलो की नुसतं ठीक आहे, बरं आहे एवढंच तोंडातून निघतं, म्हणून लिहितोय.

दहा गुंठ्याच्या पॉलिहाऊसमध्ये टोमॅटो, माल नारायणगावच्या बाजारात न्यायच्या ऐन वेळी खालची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि फळाच्या बुडाला काळा डाग. तुमच्या आधी तिघांनी सल्ला दिला. दोघांनी दारातूनच बघितलं, एकाने तर व्हॉट्सअपवर फोटो मागवला आणि दुकानात बिल फाडलं. कोण म्हणे व्हायरस, कोण म्हणे कॅल्शियम मारा, कोण म्हणे पोटॅश वाढवा रंग येईल. मी शहाण्याने तिन्ही केलं.

तुम्ही आलात ते सरळ बेडच्या कडेला खालीच बसलात. गुडघे दुखतात तुमचे, हे मला उठताना कळलं, तेव्हा लाज वाटली. झाडाचं सगळ्यात खालचं पान हातात धरून उन्हाला लावलंत आणि विचारलंत, "आधी हे पिवळं झालं का शेंड्याचं?" सर, पंधरा दिवसात हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मग मलाही खाली बसवलंत. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं म्हणून खालनं सुरुवात होते, लोहाचं असतं तर शेंडा पिवळा पडला असता, हे त्या बेडवर बसून जेवढं डोक्यात गेलं तेवढं कुठल्या मेळाव्यात गेलं नाही.

मग मीटर काढून ईसी, म्हणजे पाण्यात क्षार किती ते मोजलंत. ड्रिपरच्या पाण्याचा ईसी २.४ आणि कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) पिशवीतून निथळणाऱ्या पाण्याचा ५.६! मुळाशी क्षारांचा ढीग, त्यात पोटॅश एवढं की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मुळाला उचलताच येईना, आणि मी वरून कॅल्शियमच्या फवारण्या मारतोय. घरात कोंडून ठेवलेल्या माणसाला खिडकीतून जेवण दाखवल्यासारखं. तुम्ही नवीन एकही बाटली लिहून दिली नाहीत, उलट ०-०-५० हे पोटॅशचं खत बंद करायला लावलंत. विकायला काही नसलेला माणूस बांधावर आला की बोलणंच वेगळं असतं राव.

पिवळी पानं हिरवी होणार नाहीत, वरची वाचतात का बघ म्हणालात. वाचली सर. नवीन घडांना डाग नाही.

जाताना मीटर ठेवून गेलात, "रोज सकाळी निथळ मोज" म्हणून. मोजतोय, आज ३.१ आला. मीटर मी मुद्दाम पाठवत नाहीये, न्यायला तुम्हीच या, या वेळी खुर्ची ठेवलीय आत.