बाई आल्या नाहीत, आणि कोणाला कळलं नाही

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

माझी तब्येत ठीक आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, गोळ्या चालू आहेत. घरचे सगळे मजेत. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतोस आणि विषय भलतीकडे नेतोस. हे तुला शेवटपर्यंत ऐकवायचंय, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या बाई पडल्या. घाबरू नकोस, आता बऱ्या आहेत. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. बाई पडल्या, दवाखान्यात राहिल्या, घरी आल्या, आणि एवढ्या सगळ्या दिवसांत आपल्या चर्चच्या मंडळीत एकालाही पत्ता नव्हता. बाईंचा! ज्यांनी आपल्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या, ज्या पहिल्या घंटेच्या आधीच दारात उभ्या असायच्या, ज्यांनी तुझा कान धरून तुला मागच्या बाकावरून उठवून पुढे आणून बसवलं, त्या बाईंचा. भाचीने सगळं निभावलं. भाची मंडळीतली नाही, कोणाला कळवायचं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि बाई स्वतःहून कोणाला त्रास देतील का? तूच सांग.

कळलं ते शिपाईकाकांमुळे. बाईंच्या बाकावर त्यांची ती घडी घातलेली शाल असते बघ, बाक टोचतो म्हणून खाली घ्यायची. काका दर शनिवारी ती उचलतात, बाक पुसतात, शाल पुन्हा तिथेच ठेवतात. एका रविवारी उपासना संपल्यावर ते शाल हातात घेऊन पाळकसाहेबांकडे आले आणि म्हणाले, “साहेब, हिच्यावर आता धूळ बसायला लागलीय. बाई कुठं आहेत?” आम्ही पाच-सहा जण तिथेच उभे होतो. एकमेकांची तोंडं बघत राहिलो. जो तो म्हणाला, मला वाटलं ऑनलाइन बघत असतील.

तेव्हापासून डोक्यात एवढंच आहे. मंडळी कमी झाली हे मला दिसत होतं. मागचे बाक रिकामे, तरुण संघात मोजकी मुलं, गाण्यात खालचा स्वर धरायला कोणी नाही. पण त्याने काय बिघडतं हे मला असं शब्दांत सांगता आलं नसतं. आता येतं. पूर्वी सगळेच दर रविवारी यायचे, त्यामुळे एखादा आला नाही तर ती जागा डोळ्यात भरायची. आता महिन्यातून एकदा येणारा हाच नियमित झालाय. मग कोण आलं नाही याला काही अर्थच उरत नाही. न येणं ही बातमीच राहिलेली नाही.

तुला आठवतंय, तुझी आई एक रविवार चुकली की संध्याकाळपर्यंत दोघी-तिघी तुमच्या घरी हजर असायच्या. तुझा किती संताप व्हायचा! “ह्यांना नसत्या चौकशा,” म्हणायचास. आपलं त्यावर चांगलं जुंपलं होतं, जिन्यात उभं राहून, आणि वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं होतं की भांडायचं तर देवळाबाहेर जा. तुझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यातल्या एकीला नुसतं घरात डोकवायचं असायचं, हे मीही कबूल करतो. पण आईंच्या शेवटच्या दुखण्यात रात्री जागायला त्याच होत्या ना रे? डोकावणारीसुद्धा.

आता तुझं नेहमीचं वाक्य येणार. देव सगळीकडे आहे, मग त्याच चार भिंतींत कशाला जायचं? देव सगळीकडे आहे, यावर माझं तुझं भांडण नाहीच. पण आपण सगळीकडे नसतो. बाईंच्या शेजारच्या बाकावर मी असेन किंवा नसेन. तू “मला उपासनेतून काही मिळत नाही” म्हणतोस तेव्हा प्रश्नच अर्धा विचारतोस. तुझ्यामुळे दुसऱ्याला काय मिळालं असतं? इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय काढून चोविसाव्या-पंचविसाव्या वचनात बघ. एकत्र मिळणं सोडू नका, काहींनी तशी सवयच लावून घेतलीय, असं तिथे आहे. म्हणजे हे दुखणं पहिल्याच शतकातलं! आणि एकत्र का यायचं, तर प्रीती आणि सत्कर्मं करायला एकमेकांना चेतवायचं, धीर द्यायचा. मला काय मिळेल याचा तिथे उल्लेखही नाही.

प्रभू मेलेल्यांतून उठला यावर विश्वास न ठेवणाऱ्या त्या शिष्याचं, थोमाचंही मला आता वेगळंच दिसायला लागलंय. आपण त्याच्या संशयावरच बोलत आलो. पण प्रभू उठला त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी बाकीचे शिष्य एकत्र असताना त्यांना तो भेटला आणि थोमा तिथे नव्हता, हे योहान आपल्या शुभवर्तमानात मुद्दाम सांगतो. प्रभूला त्याला एकट्याला गाठून भेटता आलं असतं. तसं झालं नाही. आठ दिवसांनी सगळे पुन्हा जमले, या वेळी थोमा त्यांच्यात होता, आणि भेट झाली ती तिथे. आणि मला जास्त आवडतं ते हे, की विश्वास बसत नसतानाही तो आला, आणि इतरांनी त्याला आत घेतलं.

तरुण संघाला शिकवायचं म्हणून मी जुना इतिहास काढून बसलोय. सन ११२च्या सुमारास बिथुनियाचा, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा, रोमी सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. पहाट होण्याआधी का? मला वाटतं, दिवस उजाडला की कामावर जायचं असणार. रविवारची सुट्टी रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने दिली ती सन ३२१ मध्ये. तोवरची जवळजवळ तीनशे वर्षं माणसं कामाच्या दिवशी झोप मोडून जमत होती, त्यांत कितीतरी गुलाम होते. “आठवड्यात एकच सुट्टी मिळते” हे तू म्हणालास तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. हे घे.

सन ३०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अबितिनात, म्हणजे आताच्या ट्युनिशियात, बंदी असतानाही जमले म्हणून ४९ जणांना धरलं. ज्याच्या घरी ते जमले होते त्या एमेरितसला विचारलं, बंदी होती ना, मग आत का घेतलंस? तो म्हणाला, प्रभूच्या या भोजनाशिवाय आम्हाला जगता येत नाही.

पण मला सगळ्यात लागलं ते जस्टिन या ख्रिस्ती लेखकाचं. सन १५५च्या सुमारास रोममध्ये त्याने सम्राटाला समजावून सांगितलंय की आम्ही रविवारी काय करतो. शहरातले, खेड्यातले सगळे एका ठिकाणी येतात, शास्त्र वाचलं जातं, बोध होतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस घेतात. आणि पुढे, जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी पोचवतात. वर्गणी अनाथांना, विधवांना, आजाऱ्यांना, तुरुंगातल्यांना जाते. म्हणजे कोण आलं नाही हे त्यांना माहीत असायचं. वाटा कोणाच्या घरी न्यायचा, हे माहीत असल्याशिवाय कसा नेणार? आपल्याकडे शाल धुळीने भरेपर्यंत कोणी हललं नाही.

हे फक्त आपल्या मंडळीचं नाही, हे मला माहीत आहे. अमेरिकेत गॅलप या सर्वेक्षण संस्थेने १९३७ मध्ये पहिल्यांदा विचारलं तेव्हा ७३ टक्के लोक स्वतःला कुठल्यातरी चर्चचं किंवा प्रार्थनास्थळाचं सभासद म्हणवत होते. १९९९ पर्यंतही तो आकडा ७० होता. २०२० मध्ये ४७ वर आला. सभासद असणं आणि येणं यांतही अंतर आहेच. महामारीत सगळं बंद झालं तेव्हा मोबाइलवरची उपासना मोठा आधार झाली, आणि अंथरुणाला खिळलेल्यासाठी, रात्रपाळीच्या नर्ससाठी ती आजही देणगीच आहे. ती बंद करा असं मी मेलो तरी म्हणणार नाही. पण बाईंना भेटायला गेलो तेव्हा त्या काय म्हणाल्या ऐक. “मी दर रविवारी बघत होते रे. मला तुम्ही सगळे दिसत होता. मी कोणाला दिसत नव्हते.” रागाने नाही हं. चष्मा पुसत सहज बोलल्या. मला खिडकीकडे बघावं लागलं.

आता अवघड भाग. त्या मीटिंगमध्ये तुझ्याशी जे झालं ते वाईटच होतं. तुला उठून जावंसं वाटलं यात नवल नाही. ज्यांनी बोलायला हवं होतं ते गप्प बसले, आणि ज्याला बोलायचा अधिकार नव्हता तोच बोलत सुटला. निवडणुकांची भांडणं, तयारी न करता केलेली प्रवचनं, एकमेकांच्या कपड्यांवर नजर, या गोष्टींनी माणसं तुटतात, आणि दर वेळी जाणाऱ्यालाच दोष देणं हा अन्याय आहे. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल पत्रात काय लिहितो? तुमच्या एकत्र येण्याने भलं होत नाही, नुकसान होतं. प्रभुभोजनाला जमून एक उपाशी, दुसरा प्यालेला, असं त्यांचं चाललं होतं! इतकं झाल्यावर पौलाने म्हणायला हवं होतं, मग बंद करा, आपापल्या घरी प्रार्थना करा. पण त्या अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. मी हे तुला समजावायला लिहीत नाही. तुझी जखम मी पाहिलीय. मला एवढंच म्हणायचंय की आपली मंडळी तुझ्याशी चुकली, म्हणून तू सगळ्याच मंडळ्या चुकवतोयस. तुझ्या नव्या गावात तू आजारी पडलास तर किती दिवसांनी, आणि कोणाला कळेल? या विचाराने परवा रात्री मला झोप लागली नाही.

आणि हो, पेटीवाले काका तुझी आठवण काढून अजून हसतात. उपासना एकदम शांत असताना तू एकट्यानेच दणदणीत “आमेन” म्हटलं होतंस, आणि पाळकसाहेबांची प्रार्थना अजून संपलीच नव्हती! ते म्हणतात तसा आमेन पुन्हा ऐकला नाही.

धाकटीच्या ॲडमिशनचं काय झालं? नवी नोकरी जमतेय ना? वहिनींना सलाम सांग, त्यांची पाठ कशी आहे? बाईंना एकदा फोन कर, संध्याकाळचा, दुपारी त्या झोपतात. आम्ही आता रविवारी उपासनेनंतर आळीपाळीने त्यांच्याकडे जातो, पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन जातात, आणि न आलेल्यांना त्याच दिवशी फोन करायचं काम तरुण संघातल्या मुलांनी अंगावर घेतलंय. शिपाईकाकांना मी म्हटलं की यादी तुमच्याकडेच असू दे.

तुझ्या घराजवळ जी कुठली मंडळी असेल, तिथे रविवारची उपासना किती वाजता असते ते विचार आणि मला कळव. मोठी असो की दहा जणांची, गाणी आपल्या चालीत असोत की नसोत. त्या वेळात मी तुला फोन करणार नाही. ती संपल्यावर मात्र करीन, आणि कोणाच्या शेजारी बसलास हे पहिलं विचारीन.

तुझाच,
जिन्यातला भांडखोर