नववीचे काय, ते आधी सांगा

महोदय,

शाळाप्रवेशाचे दिवस आले की आमच्या भांडुपमध्ये एकच विषय चघळला जातो: महापालिकेची शाळा की खासगी? मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल, म्हणून आम्ही दोन्ही शाळा पाहून आलो. खासगी शाळेत फीचा छापील कागद हातावर ठेवला. शिक्षण शुल्काखाली टर्म फी, संगणक, ‘अ‍ॅक्टिव्हिटी’. शिवाय गणवेश ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचा. वर्ग बघू म्हटले, तर परवानगी नाही! महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिकांनी स्वतः वर्ग दाखवले. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नव्हती, हेही दिसले. पण पहिलीच्या बाई एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घेत होत्या. गणवेश, दप्तर, वह्यांसह २७ वस्तू मोफत मिळतात, ते वेगळेच.

‘पालिकेच्या शाळेत कोण घालतं?’ असे विचारणारे शेजारी बहुतेक त्याच शाळांत शिकलेत, हे जाता जाता. पालिकेच्या सीबीएसई शाळांत तर प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. म्हणजे पालकांना पालिकेचे वावडे नाही.

अडते ते पुढे. पालिकेच्या कितीतरी शाळा सातवी-आठवीलाच संपतात. शिक्षण हक्क कायदाही ६ ते १४ वयापुरता, त्यामुळे त्या कायद्याने वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागेवर खासगी शाळेत मोफत शिकलेल्या मुलालाही नववीत फी भरावी लागते. ऐन दहावीच्या तोंडावर शाळा शोधत फिरायचे, तर आई-बाप आधीच कर्ज काढून खासगीत घालतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

२०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या राखीव जागांतून सूट दिली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, ते बरेच झाले. पण जवळच्या सरकारी शाळेत जा म्हणायचे, तर ती दहावीपर्यंत नको का?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कडीचे आम्ही तिथे बघून घेऊ. नववीचा वर्ग मात्र समितीच्या हातात नाही. महापालिकेने निदान प्रवेश अर्जावर छापावे: ही शाळा कितवीपर्यंत आहे, आणि त्यापुढे मुलाची जागा पालिकेच्या कोणत्या माध्यमिक शाळेत राखलेली आहे.

— एक पालक, भांडुप (पश्चिम)